'कठीण' याचं एकक काय? आर्केड गेम, नाणं आणि आठवणींचा पुरावा

आरआरसीसमोर मी पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा माझ्या सिनॉप्सिसच्या पहिल्याच परिच्छेदात एक वाक्य होतं. जुने आर्केड गेम आजच्या गेमपेक्षा कितीतरी कठीण होते आणि म्हणूनच लोक ते अजून विसरलेले नाहीत, अशा अर्थाचं. मला ते वाक्य फार आवडलं होतं. समितीतल्या एका सरांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "मॅडम, तुम्ही एमएस्सी इलेक्ट्रॉनिक्सच्या ना? मग 'कठीण' याचं एकक काय?"

मला उत्तर देता आलं नाही. सिनॉप्सिस दुरुस्तीसाठी परत आली आणि माझा जवळजवळ एक सत्रभराचा वेळ त्या एका शब्दात गेला. पेट पास होऊन आता विषय शोधत असाल, आणि विषय तुमच्या लहानपणातून, आवडीतून, घरातल्या गप्पांमधून येत असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. आवडीचा विषय घेऊ नका असं मी अजिबात म्हणणार नाही. मी तोच घेतला. फक्त त्या एका सत्रात काय काय हाती लागलं ते सांगते.

आधी माझी बाजू सांगून टाकते, कारण इतिहास लिहिताना आपण कुठे उभे होतो हे सांगावं लागतं. आमच्या तालुक्याच्या गावात एसटी स्टँडमागे एक गेम पार्लर होतं. एका रुपयाला एक डाव. दादा तिथे पडीक असायचा. मला आई पाठवायची, त्याला जेवायला बोलावून आणायला. मुली आत जात नसत, त्यामुळे मी दारात उभी राहून हाका मारायचे. आत जे चालायचं त्याला सगळे 'मुस्तफा' म्हणत. खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', जपानच्या कॅपकॉम कंपनीचा १९९३ सालचा गेम. त्यातल्या चार पात्रांपैकी एकाचं नाव मुस्तफा, म्हणून आपल्याकडे गेमचंच नाव मुस्तफा पडलं. तुमच्यापैकी निम्म्यांना तरी हे नाव वाचून काहीतरी आठवलं असेल.

दादाला विचारलं तर तो आजही शेवटच्या राक्षसाबद्दल बोलतो. किती भारी गेम होता, हात कसा बसवावा लागायचा, आजकालच्या पोरांना जमणार नाही वगैरे. मला मात्र पडदा फारसा आठवतच नाही. दारातून पडदा दिसायचा नाही. दिसायचे ते खिसे चाचपणारे हात, आणि दुधाच्या पैशांतून उरलेला रुपया मुठीत धरून रांगेत उभी असलेली मुलं. एकाच जागेचे आम्ही दोघं साक्षीदार. त्याला गेम आठवतो, मला नाणं. सरांच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे होतं, पण मला ते पुरावा वाटलं नव्हतं.

एक शब्द मध्येच. नॉस्टॅल्जिया हा शब्द एका प्रबंधातून आला हे तुम्हाला माहीत आहे का? १६८८ मध्ये बासेल विद्यापीठात योहानेस होफर नावाच्या १९ वर्षांच्या वैद्यकीय विद्यार्थ्याने घरापासून दूर राहिल्याने जडणाऱ्या आजाराला हे नाव दिलं. परतणं आणि वेदना अशा अर्थाचे दोन ग्रीक शब्द जोडून. त्याने वर्णन केलेल्या रुग्णांत शिकायला परगावी आलेला एक विद्यार्थीही होता (हॉस्टेलवाल्यांनी नोंद घ्यावी). मराठीत आपण याला स्मरणरंजन म्हणतो. मूळ शब्दातली वेदना आपल्या शब्दात उरली नाही, रंजन तेवढं आलं. कठीण गेमांच्या आठवणींचंही काहीसं असंच झालंय. हरणं आठवतं, पण छान वाटतं. पैसे गेले ते मात्र कुणी सांगत नाही.

तर सुरुवात नाण्यापासून करू.

१९७२ मध्ये अटारीच्या ॲलन अल्कॉर्नने बनवलेला 'पाँग' कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेल गावच्या 'अँडी कॅप्स टॅव्हर्न' या बारमध्ये चाचणीसाठी ठेवला गेला. काही दिवसांत यंत्र बंद पडल्याची तक्रार आली. उघडून पाहिलं तर नाण्यांचा डबा गच्च भरून यंत्र अडकलं होतं. हा किस्सा सगळे सांगतात, तुम्हीही ऐकला असेल. पण त्यातल्या नाण्याच्या किमतीकडे लक्ष द्या. २५ सेंट, म्हणजे एक क्वार्टर. दहा वर्षांनी, १९८२ मध्ये, अमेरिकेतल्या आर्केडमध्ये एक डाव कितीला होता? बहुतेक ठिकाणी तेव्हाही एक क्वार्टर.

आता त्या दहा वर्षांतली महागाई बघा. अमेरिकेचा ग्राहक किंमत निर्देशांक १९७२ मध्ये सरासरी ४१.८ होता, १९८२ मध्ये ९६.५. भागाकार करा. १९८२ चा क्वार्टर १९७२ च्या हिशोबाने जेमतेम ११ सेंटचा उरला होता. दुसऱ्या बाजूला, त्या काळी नवीन यंत्र साधारण अडीच हजार डॉलरला पडायचं आणि ज्या दुकानात किंवा बारमध्ये ते ठेवायचं त्या मालकाला उत्पन्नाचा वाटा द्यावा लागायचा, बहुधा निम्मा. म्हणजे निव्वळ यंत्राची किंमत वसूल व्हायला वीस हजारांच्या आसपास नाणी हवीत. वीज, दुरुस्ती आणि पुढच्या हंगामातला नवा गेम हे वेगळंच.

किंमत वाढवणं सोपं नव्हतं. यंत्राची फट एका ठरावीक नाण्याची, लोकांची सवयही त्याच नाण्याची. १९८३ मध्ये लेझर डिस्कवर चालणारा 'ड्रॅगन्स लेअर' ५० सेंटला आला तेव्हा ती बातमी होती. किंमत हलत नसेल तर दुसरं काय हलवता येईल? वेळ. एका नाण्यात दोन-तीन मिनिटं हा धंद्यातला ढोबळ हिशोब होता. इथे मला माझं एकक मिळालं: नवख्या खेळाडूला एका नाण्यात मिळणारी मिनिटं. आर्केडच्या बाबतीत 'कठीण' म्हणजे हा आकडा लहान.

एवढ्यावर मी खूश होऊन थांबले असते तर दुसरी चूक झाली असती. कारण मग सगळा इतिहास 'कंपन्या लोभी होत्या' या एका वाक्यात संपतो. तसं नाहीये. नाण्याचं गणित सगळीकडे सारखंच असलं तरी कठीणपणा प्रत्येक वेळी त्यातूनच जन्मला असं नाही.

तोमोहिरो निशिकादो यांचा 'स्पेस इन्व्हेडर्स' घ्या, तैतो कंपनी, १९७८. वरून परग्रहवासी खाली सरकत येतात, जितके मारावेत तितके उरलेले वेगाने येतात, छाती धडधडते. हे डोकं लढवून रचलेलं असावं असं वाटतं ना? मुळात ती हार्डवेअरची मर्यादा होती. इंटेल ८०८० प्रोसेसर एका फ्रेममध्ये एकच प्राणी नव्याने काढायचा. पडद्यावर ११ च्या ५ रांगा, म्हणजे ५५ प्राणी. सेकंदाला ६० फ्रेम धरल्या तर सगळी फौज एक पाऊल सरकायला ५५/६० सेकंद, जवळजवळ एक सेकंद. दहाच उरले की तेच पाऊल १/६ सेकंदात. एकच उरला की तो प्रत्येक फ्रेमला सरकतो. निशिकादोंच्या हे लक्षात आलं आणि त्यांनी ते दुरुस्त न करता तसंच ठेवलं, कारण खेळायला मजा येत होती. कारण तांत्रिक, निवड माणसाची. सायन्सवाल्यांनो, अशी उदाहरणं जपून ठेवा. तंत्रज्ञानामुळे झालं की समाजामुळे, अशी परीक्षेतली बायनरी इथे लगेच तुटते.

याच गेमबद्दल एक दंतकथा तुम्हाला हमखास भेटेल. म्हणे जपानमध्ये तो इतका चालला की १०० येनच्या नाण्यांचा तुटवडा पडला आणि सरकारला जादा नाणी पाडावी लागली. पुस्तकांत आहे, माहितीपटांत आहे, माझ्या पहिल्या मसुद्यातही होती. पण जपानच्या टांकसाळीचे आकडे काय सांगतात? १९७८ आणि १९७९ मध्ये १०० येनची नाणी आधीच्या आणि नंतरच्या वर्षांपेक्षा कमी पाडली गेली. शिवाय साधा विचार केला तरी गोष्ट लंगडी पडते. गल्ल्यातली नाणी मालक घरी साठवून ठेवत नाही, बँकेत भरतो, ती पुन्हा बाजारात येतात. तरीही गोष्ट चाळीसेक वर्षं जिवंत आहे, कारण ऐकायला गोड आहे. एखादा दावा पन्नास ठिकाणी सापडला की तो पन्नास पुराव्यांनी सिद्ध झाला असं आपल्याला वाटतं. बऱ्याचदा ते एकाच अफवेचे पन्नास पडसाद असतात.

आता मला या सगळ्यात सर्वात आवडणारा भाग. खेळाडू शिकतात. यंत्राचा प्रोग्रॅम तोच राहतो, माणसाचा हात मात्र रोज सुधारतो. त्यामुळे 'एका नाण्यात किती मिनिटं' हा आकडा स्थिर राहत नाही. मालकाच्या दृष्टीने प्रत्येक गेम रोज थोडा थोडा सोपा होत असतो.

१९७९ च्या 'ॲस्टेरॉइड्स'मध्ये हे उघड दिसलं. हुशार मुलांनी शोधून काढलं की सगळे दगड फोडायचेच नाहीत. एखादा शिल्लक ठेवायचा आणि नुसतं दबा धरून बसायचं. छोटी तबकडी आली की टिपायची, प्रत्येकी १००० गुण. दर १०,००० गुणांना एक यान फुकट. एका क्वार्टरवर तासन् तास मुक्काम. आर्केडवाल्यांच्या तक्रारी आल्या आणि १९८१ च्या 'ॲस्टेरॉइड्स डिलक्स'मध्ये ही पळवाट बुजवली गेली.

त्याहून रंगतदार प्रकरण 'मिसाइल कमांड'चं. एमआयटीत शिकणारे डग मॅक्रे आणि केव्हिन करन कॅम्पसवर यंत्रं ठेवून धंदा करायचे. अटारीचा 'मिसाइल कमांड' सुरुवातीला धो धो चालला आणि मग कमाई घसरत गेली. मुलं कंटाळली असतील? तसं नव्हतं, मुलं तरबेज झाली होती. एमआयटीचीच मुलं ती. एका नाण्यावर बसून राहायची आणि मागे रांग ताटकळायची. यावर या दोघांनी आणि मित्रांनी १९८१ मध्ये 'सुपर मिसाइल अटॅक' नावाचं एक किट बनवलं. जुन्या यंत्राच्या सर्किटवर ते बसवलं की तोच गेम नव्याने अवघड. हे किट त्यांनी देशभरच्या आर्केडवाल्यांना विकलं. त्यांच्या कंपनीचं नाव जनरल कॉम्प्युटर कॉर्पोरेशन. अटारीने कोर्टात खेचलं, शेवटी तडजोड झाली आणि ज्या कंपनीवर खटला भरला तिलाच अटारीने गेम बनवायचं काम दिलं. हे वाचून मी लायब्ररीत एकटीच हसले होते.

मला या किटमध्ये जे दिसतं ते असं. 'कठीणपणा' ही इथे बाजारात सुटी विकली गेलेली वस्तू आहे. तिला किंमत आहे, गिऱ्हाईक आहे, तिच्यावर खटला आहे. आणि गिऱ्हाईक खेळाडू नाही, यंत्राचा मालक आहे. तुमच्या विषयातला एखादा अमूर्त शब्द कुठेतरी असा पावतीवर सापडला, की समजा पायाखाली जमीन लागली.

याच मंडळींनी 'पॅक-मॅन'साठीही असंच किट तयार केलं. तोरू इवातानी यांचा १९८० चा मूळ गेम पूर्ण ठरावीक होता. तुम्ही त्याच वेळी तीच वळणं घेतलीत तर भुतंही दर वेळी त्याच वाटेने येणार. म्हणजे वाट पाठ करता येते, नकाशासारखी. अमेरिकेत अशा पाठांतराची पुस्तकं खपायची. त्यांतलं एक लिहिणारे केन युस्टन हे मुळात ब्लॅकजॅकच्या टेबलावर पत्ते मोजण्यासाठी गाजलेले गृहस्थ. मॅक्रे-करन मंडळींनी भुतांच्या चालीत थोडा यादृच्छिकपणा घातला. पाठांतर संपलं. परवानगीशिवाय किट विकायचं नाही असं तडजोडीत ठरल्यामुळे त्यांनी ते मिडवे कंपनीला दाखवलं आणि १९८२ मध्ये तेच 'मिस पॅक-मॅन' म्हणून बाजारात आलं. आज लोक ज्या गेमला 'जुन्या काळचा अस्सल क्लासिक' म्हणतात, तो जन्माने एक दुरुस्ती किट आहे.

आता डिप स्विच. माझ्या प्रबंधाचं सगळ्यात कोरडं प्रकरण हेच, पण मला विचाराल तर सगळ्यात महत्त्वाचंही. आर्केड यंत्राच्या सर्किट बोर्डवर नखाएवढे खटके असायचे. यंत्रासोबत येणाऱ्या मालकाच्या पुस्तिकेत त्यांचा तक्ता दिलेला असे. 'पॅक-मॅन'मध्ये खेळाडूला जीव किती द्यायचे? १, २, ३ किंवा ५. जादा जीव किती गुणांना? १०,०००, १५,०००, २०,००० किंवा कधीच नाही. एका नाण्याला एक डाव की दोन, की दोन नाण्यांना एक. 'मिसाइल कमांड'मध्ये सुरुवातीला वाचवायला शहरं किती, ४ ते ७. कुलूप उघडा, खटका फिरवा, झालं.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. दोन गावांतली दोन माणसं 'पॅक-मॅन फार कठीण होता' असं सांगतात तेव्हा ती एकाच गेमबद्दल बोलत असतीलच असं नाही. एकाला पाच जीव मिळत असतील, दुसऱ्याला दोन. यंत्रावरचं चित्र तेच, संगीत तेच. प्रयोगशाळेच्या भाषेत बोलायचं तर एक चल नियंत्रणात नव्हता आणि तो नोंदवलेलाही नव्हता. मुलाखती घेताना मी आता पहिला प्रश्न 'किती कठीण होता' असा विचारत नाही. 'जीव किती मिळायचे' असं विचारते. लोक दचकतात, मग आठवायला लागतात. आणि एकदा तो आकडा आठवला की पाठोपाठ बाकीचंही येतं. मालक कोण, नाणं कुठून आणलं, घरी काय सांगितलं.

इथे स्वतःच्याच विरोधात एक साक्षीदार उभा करते, नाहीतर तुम्ही म्हणाल पोरीने ठरवूनच टाकलंय. १९८१ चा 'डिफेंडर', विल्यम्स कंपनी, युजीन जार्व्हिस. एक दांडा आणि वर पाच बटणं. नवखा माणूस काही सेकंदांत मरायचा. धंद्यातल्या अनेकांना तो सामान्य माणसाला झेपणार नाही असं वाटलं होतं. प्रत्यक्षात ५० हजारांहून जास्त यंत्रं विकली गेली. शेजारी सोपी यंत्रं उभी असताना लोकांनी याच्यात नाणी टाकली. म्हणजे दादा म्हणतो ते अगदीच खोटं नाही. कठीण असणं ही मालकाची गरज होती तशी बऱ्याच खेळाडूंची हौसही होती. अपयशातही माणसाला खेळावंसं का वाटतं यावर येस्पर यूल यांचं 'द आर्ट ऑफ फेल्युअर' हे २०१३ चं छोटं पुस्तक आहे, एका बैठकीत होतं, जरूर वाचा. माझा दावा एवढाच की हौस आणि हिशोब एकाच यंत्रात राहत होते आणि आठवण सांगताना फक्त हौस बोलते.

'आमच्या वेळचे गेम कधी संपायचेच नाहीत' हेही ऐकायला मिळतं. संपायचे की. फक्त चुकून संपायचे. १९८१ च्या 'डाँकी काँग'मध्ये बोनसची वेळ काढताना पातळीत ४ मिळवून १० ने गुणलं जातं. २२ व्या पातळीला उत्तर २६०. आठ बिटांत जास्तीत जास्त २५५ मावतात, त्यामुळे २६० चे उरतात ४, आणि वर पोचायच्या आत वेळ संपून मारिओ मरतो. 'पॅक-मॅन'मध्ये २५६ व्या पातळीला याच जातीच्या चुकीमुळे अर्धा पडदा कचऱ्याने भरतो. बनवणाऱ्यांना इथवर कुणी येईल असं वाटलंच नव्हतं.

१९८५ च्या सुमारास वारं फिरलं. अटारी गेम्सच्या 'गाँटलेट'मध्ये तुमची ताकद घड्याळासारखी आपोआप कमी होत राहते, कुणी मारलं नाही तरी. आणि नाणं टाकलं की वाढते. त्याच सुमारास 'कंटिन्यू' रुळलं. मेलात, पडद्यावर उलटी मोजणी सुरू झाली, दहा आकडे संपायच्या आत नाणं टाका आणि तिथूनच पुढे. आधीच्या पिढीतलं कठीण म्हणजे तुम्हाला यंत्रावरून लवकर उठवायचं. या पिढीतलं कठीण म्हणजे तुम्हाला उठू न देता पुन्हा पुन्हा खिशात हात घालायला लावायचं. 'डिफेंडर'मध्ये श्रीमंत मुलाला पैशांचा फारसा उपयोग नव्हता. 'मुस्तफा'त होता. हे दोन वेगळे कठीणपणे आहेत, त्यांचा काळ वेगळा, हिशोब वेगळा, आणि माझ्या त्या लाडक्या वाक्यात मी दोघांना एकाच पोत्यात भरलं होतं. दुसऱ्या खेपेला सिनॉप्सिस मंजूर झाली ती हा फरक दाखवल्यावर.

मग मी स्वतः 'मुस्तफा' खेळले, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, हॉस्टेलच्या खोलीत. निकोला साल्मोरिया यांनी १९९७ च्या फेब्रुवारीत 'मेम' नावाचा एम्युलेटर प्रसिद्ध केला आणि जुनी आर्केड यंत्रं संगणकावर जिवंत झाली. आमच्या क्षेत्रात मेमशिवाय पान हलत नाही. पण त्यात नाणं म्हणजे कीबोर्डवरची ५ ची कळ. दाबत राहा. मी आठही टप्पे पार करून शेवटच्या राक्षसाला मारलं. सलग एका संध्याकाळी, ३१ क्रेडिट वापरून. दादाची दंतकथा मी वरणभाताच्या वेळेपर्यंत संपवली आणि मला काहीच वाटलं नाही. ना भीती, ना आनंद.

मेमने मला प्रोग्रॅम अगदी जसाच्या तसा दिला होता. गायब होती ती ३१ रुपयांची किंमत, पाठीमागची रांग आणि दारातून हाका मारणारी बहीण. एम्युलेटरवर खेळून 'त्या काळचा अनुभव' लिहिणारे पेपर तुम्ही वाचाल तेव्हा ही गोष्ट ध्यानात असू द्या. शिवाय मेममध्ये सेटिंग सहसा कारखान्यातलं असतं, गावातल्या पार्लरचं नव्हे.

आणि दाराचं काय? कार्ली कोक्युरेक यांच्या 'कॉइन-ऑपरेटेड अमेरिकन्स' या २०१५ च्या पुस्तकात एका फोटोवर चर्चा आहे. आयोवा राज्यातल्या ऑटमवा गावात वॉल्टर डे यांच्या 'ट्विन गॅलक्सीज' आर्केडने देशभरचे विक्रमवीर जमवले होते, आणि 'लाइफ' मासिकासाठी त्यांचा भर रस्त्यात यंत्रांसह फोटो काढला गेला, १९८२ साली. खेळाडू सगळे मुलगे. मुली आहेत, पण चिअरलीडर म्हणून. आर्केडची आठवण कुणाची म्हणून जपली गेली हे त्या एका फोटोत दिसतं. माझं गाव ऑटमवापासून फार लांब आहे, तरी तो फोटो पाहून मला आमच्या पार्लरचा उंबरठा आठवला. फोटोच्या चौकटीबाहेर उभं राहून जे दिसलं ते कुणी विचारलंच नाही.

मागच्या दिवाळीत गावी गेले तेव्हा पार्लरच्या जागी मोबाइल रिचार्ज आणि झेरॉक्सचं दुकान होतं. मालक तेच, आता केस पांढरे. मी ओळख सांगितली, दादाचं नाव घेतल्यावर ते हसले. सेटिंगबद्दल विचारलं तर आढेवेढे न घेता सांगून टाकलं. मे महिन्यात पोरांची गर्दी असायची तेव्हा यंत्र कडक करून ठेवायचे, आणि शाळा सुरू झाली, पार्लर ओस पडलं, की जरा सैल सोडायचे, म्हणजे पोरं टिकतील. कडक आणि सैल हे त्यांचेच शब्द, मी ते आता प्रबंधात जसेच्या तसे वापरते.

घरी येऊन दादाला सांगितलं. तो फराळाच्या ताटावर बसला होता. चकली हातात तशीच राहिली.

"म्हणजे मी शेवटच्या राक्षसाला मारलं ते...?"

"कधी मारलंस?"

त्याने बराच वेळ आठवलं. "सहामाही परीक्षा चालू होती. मी पेपर लवकर टाकून आलो होतो."

मी काही बोलले नाही. थोड्या वेळाने तोच म्हणाला, "अगं, पण एका रुपयात मारलं होतं."

ते मी वहीत लिहून घेतलं.